सभेतला पहिला विषय

शाळेच्या फाटकाला हिरवा रंग द्यायचा की निळा, या प्रश्नावर शाळा मंडळाची सभा चांगलीच रंगली होती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती लांबट खोली. मधल्या टेबलाभोवती मंडळाचे सात सभासद बसलेले. भिंतीलगत गावातल्या लोकांसाठी खुर्च्या मांडलेल्या असत, त्यातल्या दोनच भरल्या होत्या. एकीवर एक पेन्शनर गृहस्थ हीटरजवळची जागा धरून डुलक्या काढत होते. दुसरीवर मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या.

"हिरव्यावर धूळ दिसत नाही," सभासदांपैकी निवृत्त इंजिनियर म्हणाले.

"निळा लांबून उठून दिसतो," उपाध्यक्ष म्हणाले. उपाध्यक्षांचं चौकात हॉटेल होतं. त्यामुळे लांबून काय उठून दिसतं, या बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

शेवटी अध्यक्षांनीच तोडगा काढला. फाटक निळं आणि कुंपण हिरवं. सगळे हसले, चहा आला, आणि सभा पुढे सरकली.

तोडगे काढण्यात अध्यक्षांचा हातखंडा होता. त्यांचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान होतं. गाव त्यांना 'चष्मेवाले' म्हणे, आणि निवडून आल्यावरही तेच नाव राहिलं. माणूस भला. मंडळाच्या पैशाला त्यांनी कधी हात लावला नव्हता, उलट सभेचा चहा बऱ्याचदा स्वतःच्या खिशातूनच पाजला होता. गावच्या पाच सरकारी शाळांचा कारभार या मंडळाकडे होता. खर्चाला थोडा पैसा गावाच्या करातून येई आणि बाकीचा सरकारी अनुदानातून. चष्मेवाले अध्यक्ष झाल्यापासून पाचही शाळांना नवा रंग लागला, गळके नळ बदलले, मोडकी बाकं गेली. आता त्यांच्या मनात एकच मोठी गोष्ट उरली होती, ती म्हणजे मोठ्या शाळेला जोडून सभागृह. त्याचा पुठ्ठ्याचा नमुना त्यांनी दुकानाच्या काचेत मांडून ठेवला होता. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत, आणि चष्मेवाल्यांची छाती फुगून येई.

"पुढचा विषय, वार्षिक निकाल," कार्यवाहांनी वाचलं. "पाचही शाळा मिळून सत्त्याण्णव टक्के."

"वा! अभिनंदनाचा ठराव घ्या."

"मंजूर."

चहा निवायच्या आत विषय संपला. तेवढ्यात मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. "मला त्या निकालाबद्दल थोडं बोलायचं होतं."

चष्मेवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सभागृहाचा विषय अजून बाकी होता. "बाई, निकाल तर उत्तम आहे. पुढच्या वेळी निवांत बोलू."

"मागच्या वेळीही पुढच्या वेळीच बोलायचं ठरलं होतं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. चष्मेवाल्यांच्या कानावर ते गेलं, पण मनात उतरलं नाही. सभागृहाच्या नकाशाची गुंडाळी ते तोवर टेबलावर उलगडायला लागले होते.

वाचकहो, अशा सभा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. कुणी वाईट वागत नसतं, कुणी चोरी करत नसतं, आणि तरीही ज्याच्यासाठी सभा भरलेली असते तेच नेमकं राहून जातं.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. दुकानात गर्दी होती. चष्मेवाल्यांची सख्खी मावशी नंबर तपासायला आली होती. तिच्या मागे बाकावर एक प्लंबर आपल्या मुलीला घेऊन बसला होता. कामावरून तसाच आलेला, कोपराला पांढरी पुट्टी लागलेली. मुलगी अकराएक वर्षांची, डोळे टपोरे, एका जागी ठरत नव्हते. बाप तिला भिंगरी म्हणत होता, आणि नाव अगदी शोभून दिसत होतं.

चष्मेवाल्यांनी मावशीच्या हातात जवळचं वाचण्याचं कार्ड दिलं. जाड पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार ओळी छापलेल्या असत. मावशीने घसा साफ केला आणि एखादं भाषण करावं तसं खणखणीत आवाजात वाचलं, "म्हातारा छत्री घरी विसरला. पाऊस काही थांबेना. शेजारणीने त्याला आपली छत्री दिली. पण तिच्या तीन कड्या मोडलेल्या होत्या."

"कड्या नाही मावशी, काड्या."

"तेच ते. छपाईच बारीक केली आहेस मेल्या, नंबर वाढवून चष्मे खपवायला."

मावशीचं उरकलं आणि भिंगरी खुर्चीवर चढून बसली.

"फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणते, साहेब," प्लंबर म्हणाला. "सहावीत आहे. तुमच्याच मोठ्या शाळेत."

चष्मेवाल्यांनी समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावरचा दिवा लावला. मुलीने वरचं मोठं अक्षर सांगितलं, मग खालची ओळ, मग त्याखालची. सर्वांत तळाची, भल्याभल्यांना न दिसणारी ओळही तिने एकेक अक्षर उच्चारत बिनचूक सांगितली. नजर एखाद्या घारीसारखी. चष्मेवाल्यांना नवल वाटलं. त्यांनी तिच्या हातात कार्ड दिलं.

मुलगी अडखळली नाही. "म्हातारा छत्री घरी विसरला. पाऊस काही थांबेना. शेजारणीने त्याला आपली छत्री दिली. पण तिच्या तीन कड्या मोडलेल्या होत्या."

चष्मेवाले पुढचं भिंग उचलणार होते, त्यांचा हात तिथेच थांबला. कड्या. त्यांनी कार्डाकडे पाहिलं. मुलीने ते उलटं धरलं होतं.

त्यांनी कार्ड हळूच काढून घेतलं, सरळ केलं, दुसरी बाजू वर आणून परत तिच्या हातात दिलं. "आता हे वाच बघू."

मुलीचे डोळे ओळीवर टेकले आणि तिथेच राहिले. ओठ हलले. "मां... मां..." मग तिने बाकावर बसलेल्या मावशीकडे एकदा बघितलं. मावशी काही मदत करील अशी तिला आशा असावी. "हे अंधुक दिसतंय," ती म्हणाली.

चार ओळी अगदी सोप्या होत्या. मांजर भिंतीवर बसलंय आणि खाली कुत्री वाट बघतायत, एवढंच. चष्मेवाल्यांनी बापाला बाहेर काउंटरवर पाठवून तपासणीची पावती करायला सांगितली आणि खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. "बाळ, अक्षरं तर तुला सगळी येतात."

"एकेकटी येतात," ती हळू आवाजात म्हणाली. "एकत्र आली की पळतात." मग जरा धीर करून तिने विचारलं, "काका, चष्मा कितव्या नंबरचा लागला की वाचता येतं?"

चष्मेवाल्यांच्या दुकानात आयुष्यभर लोकांनी हजार प्रश्न विचारले होते. हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. त्यांची बायको पोस्टात काउंटरवर बसे. ऐकता ऐकता तिचा हातातला घास हातातच राहिला.

"अहो, तुम्हाला एक सांगू? पोस्टात रोज कुणी ना कुणी येतं. म्हणतं, बाई, तेवढा फॉर्म भरून द्या, चष्मा घरी राहिलाय. त्यात म्हातारे थोडे, तरणीताठी मुलंच जास्त. मला नेहमी वाटायचं, सगळा गाव चष्मा घरी कसा विसरतो आणि मग तुमचं दुकान तरी कुणाच्या जिवावर चालतं?" ती हसली नाही. "ही सगळी आपल्याच शाळांतून पास झालेली असणार."

"एका मुलीवरून असं म्हणता येत नाही, अगं."

"मग एकीवर थांबू नका. दुकानात मुलं येतातच की. बघा."

चष्मेवाल्यांनी बघितलं. आईबापांबरोबर आलेल्या प्रत्येक मुलाला, गंमत म्हणून, ते कार्डाची एक बाजू वाचायला देऊ लागले. कुणी धडाधडा वाचलं. कुणी बोट ठेवून, दमत दमत वाचलं. आणि कितीतरी मुलांनी खाली मान घालून बुटाच्या टोकाकडे पाहिलं. प्रत्येकाला ते वरकरणी हसून "बरं, पुरे" म्हणत, आणि मूल गेलं की काचेतल्या त्या पुठ्ठ्याच्या सभागृहाकडे त्यांची नजर जाई. आता छाती फुगत नव्हती.

मग एका सोमवारी ते तडक मोठ्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकांची खोली जिन्याखाली होती, छत एका बाजूला उतरतं. बाई पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या होत्या.

"निकाल खोटा आहे का?" चष्मेवाल्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"खोटा नाही. पोकळ आहे," बाई म्हणाल्या. "बसा. डोकं सांभाळा, छत लागेल."

ते बसले. बाईंनी कात्री बाजूला ठेवली.

"परीक्षेच्या आधी महिनाभर आमच्याकडे दुसरं काही चालत नाही. प्रश्न दर वर्षी तेच ते असतात. उत्तरं पाठ करून घेतो. निम्म्या पेपरात नुसत्या खुणा करायच्या असतात, आणि प्रश्न मुलांना 'नीट समजावा' म्हणून शिक्षकच मोठ्याने वाचून दाखवतात. ज्याची आठवण पक्की ते मूल पास होतं. ज्याची नाही, त्याला तपासताना आम्ही हात जरा सैल सोडतो."

"आणि हे तुम्हाला पटतं?"

"नाही पटत. पण निकाल उतरला की अनुदान कापतात. अनुदान कापलं की माझा एक शिक्षक जातो आणि त्याचा वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. मग मी कुणाला वाचायला शिकवणार? असा हिशेब मांडून मी मनाची समजूत घालते. त्यात माझीही चूक आहे, ती मी नाकारत नाही."

चष्मेवाल्यांचा आवाज चढला. "मग हे मला सांगायचं होतंत! मी अध्यक्ष आहे. मला अंधारात ठेवलंत तुम्ही."

बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्ही अध्यक्ष झाल्यापासून मी एकही सभा चुकवलेली नाही. तुम्ही मला काय काय विचारलंत, सांगू? रंग कसा वाटतो. नळ गळतात का. बक्षीस समारंभाला पाहुणे कोण बोलवावेत. आणि निकाल किती टक्के. मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. 'तुमच्या शाळेतलं मूल पुस्तक उघडून एक पान वाचू शकतं का?' हे मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी आपण होऊन सांगायला उठले, तर तुम्ही नकाशा उलगडलात."

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली.

"राग मानू नका," बाईंचा सूर मऊ झाला. "शाळेचं लक्ष मंडळाच्या तोंडाकडे असतं. मंडळ ज्याची चौकशी करतं, ते होतं. तुम्ही फाटकाची चौकशी केलीत, फाटक झालं. टक्क्यांची केलीत, टक्के झाले. मुलांच्या वाचनाची कुणीच केली नाही, म्हणून ते झालं नाही. तुम्ही लबाड असतात ना, तर मला सोपं गेलं असतं. मी भांडले असते. पण तुम्ही भले आहात. दिवसरात्र राबता. फक्त राबता ते मुलांच्या भोवतालच्या गोष्टींसाठी. मुलं मधल्या मध्ये राहतात."

वरच्या वर्गात पोरं एका सुरात काहीतरी घोकत होती. जिन्यातून ते खाली येत होतं, चालीवर, न अडखळता. महिन्यापूर्वी चष्मेवाल्यांनी ते ऐकून मान डोलावली असती.

त्यांनी विचारलं, "काय करावं लागेल?"

"आधी खरं मोजावं लागेल. एका शाळेच्या शिक्षकाने दुसऱ्या शाळेतल्या मुलाला शेजारी बसवून न पाहिलेलं पान वाचायला द्यायचं. मग जे अडतात त्यांचे लहान गट, रोज, कित्येक महिने. त्याला माणसं लागतील, आणि माणसांना पगार लागतो."

पगार म्हटल्यावर सभागृहाचा पैसा दोघांच्याही डोळ्यांसमोर आला. बाईंनी नाव काढलं नाही. चष्मेवाल्यांनीच काढलं.

घरी जाण्याआधी ते प्लंबरकडे गेले. भिंगरी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. बापाला बाजूला घेऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं. मुलीच्या डोळ्यांत काही दोष नाही, चष्मा नको, शाळेत तिला वाचायलाच शिकवलेलं नाही. प्लंबरचं तोंड उतरलं.

"म्हणजे माझी पोर ढ आहे?"

"अजिबात नाही. एकदा ऐकलेल्या चार ओळी तिने मला जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. इतकं डोकं तुमच्या-माझ्यात नाही. त्या डोक्याच्या जोरावर ती सहा वर्षं सगळ्यांना चुकवत आली. मी सभेत हा विषय काढणार आहे. तिचं नाव घेणार नाही, शब्द देतो."

सभागृहाला मंजुरी मिळणार म्हणून पुढच्या सभेला कधी नव्हे ती गर्दी लोटली. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक जिन्यापर्यंत उभे राहिले. हॉटेलवाले उपाध्यक्ष नवा कोट घालून आले होते. ते आणि चष्मेवाले एका वर्गात शिकलेले, एका बाकावरचे मित्र.

चष्मेवाले उठले. भाषण त्यांनी लिहून आणलं नव्हतं.

"आज सभागृहाचा ठराव आहे. तो मीच आणलाय आणि मीच पुढे ढकला असं सांगतोय," ते म्हणाले. खोलीत कुजबुज झाली. "आपला निकाल सत्त्याण्णव टक्के आहे. माझ्या दुकानात सहावीतलं एक मूल आलं. त्याला चार सोप्या ओळी वाचता आल्या नाहीत. मी आणखी मुलं पाहिली. तीच कथा. मी इतकी वर्षं या खुर्चीत बसलो, आणि मुलांना वाचता येतं का, हे एकदाही विचारलं नाही. शिक्षकांना दोष देण्याआधी मी माझा दोष सांगतो. मला आधी खरं मोजायचं आहे. सभागृहाचा पैसा वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांवर घालायचा आहे. आणि यापुढे प्रत्येक सभेत पहिला विषय एकच असेल. मुलं काय शिकली. तो संपल्याशिवाय दुसरा विषय निघणार नाही."

हॉटेलवाले ताडकन उभे राहिले. "अरे, तुला काय झालंय? खरं मोजलं की टक्के कोसळतील. अनुदान जाईल. शेजारच्या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आपली अब्रू आपणच वेशीवर टांगायची?"

"अब्रू टक्क्यांची आहे की मुलांची?"

"बोलायला ठीक आहे. चार-दोन मुलं कच्ची असतात सगळीकडे. कोण हे मूल? नाव सांग. आईबापच लक्ष देत नसतील."

"नाव मी सांगणार नाही."

"म्हणजे नाहीच कुणी," हॉटेलवाले लोकांकडे वळून म्हणाले. काही जण हसले.

जिन्याजवळ हालचाल झाली. प्लंबर माणसांतून वाट काढत पुढे आला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"ती मुलगी माझी आहे," तो म्हणाला. हसणं बंद झालं. "लक्ष देत नाही म्हणता? रोज संध्याकाळी मी तिला पुस्तक घेऊन बसवतो. ती घडाघडा म्हणून दाखवते, मी खूश होतो. आता कळलं, ती पाठ म्हणत होती. कधी अडली की मी तिला आळशी म्हणायचो. एकदा हातही उचलला." तो अध्यक्षांकडे वळला. "ती मला म्हणाली, बाबा, मला वाटलं सगळ्यांचं असंच असतं. साहेब, मला सभागृह नको. माझ्या पोरीला वाचायला शिकवा."

मग मागून एक बाई म्हणाली, "माझ्या मुलाचंही तपासा." आणखी कुणीतरी म्हणालं, "आमच्याही." हीटरजवळचे पेन्शनर गृहस्थ आज टक्क जागे होते.

मतदान झालं. चार विरुद्ध तीन. सभागृह मागे पडलं. हॉटेलवाले चष्मेवाल्यांशी न बोलता जिना उतरून गेले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. खरं मोजलं तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलं अडलेली निघाली. गाव हादरलं. काही पालक रडले, काही शिक्षकांवर तुटून पडले. काहींनी सगळं खापर चष्मेवाल्यांवर फोडलं आणि चष्मे दुसरीकडून करायला लागले. हॉटेलवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे अनुदानाला कात्री लागली. मुख्याध्यापिका आणि चष्मेवाले सरकारी कचेरीत चकरा मारत राहिले, "आमचे टक्के कमी झाले नाहीत साहेब, खरे झाले" असं प्रत्येक टेबलाला समजावत. तिथल्या एका अधिकारीबाईंनी मनावर घेतलं, तेव्हा कुठे निम्मं अनुदान परत मिळालं.

शाळेत मात्र काम सुरू झालं होतं. जिन्याखालची खोली रिकामी करून बाईंनी तिथे लहान गट बसवले. दोन नव्या वाचनशिक्षिका आल्या. व्हरांड्यात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, जिथे जागा मिळेल तिथे चार-चार डोकी पुस्तकात वाकलेली दिसू लागली. हे काम फार हळू चालतं. एक ओळ आज येते आणि उद्या पुन्हा निसटते. भिंगरीला पहिले काही आठवडे त्या गटात बसायची लाज वाटे. नंतर ती स्वतःहून लवकर येऊ लागली. वर्ष सरता सरता ती सावकाश, पण स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागली, आणि आता तिची एक नवी तक्रार होती. गोष्टी फार लवकर संपतात.

पुढची निवडणूक चष्मेवाले हरले. हॉटेलवाले अध्यक्ष झाले. निकालाच्या दिवशी बायकोने विचारलं, "वाईट वाटतंय?"

"थोडं," ते म्हणाले. "आता लोकांच्या खुर्चीवर बसावं लागेल. ती फार टोचते."

"इतकी वर्षं बाईंना टोचत होतीच की."

नव्या मंडळाच्या पहिल्या सभेला ते जाऊन भिंतीलगत बसले. मनात धाकधूक होती. सभा सुरू झाली आणि निवृत्त इंजिनियरांनी लगेच तोंड उघडलं. दोन शाळांचे वर्ग गरम ठेवणारे बॉयलर बंद पडले होते, थंडी तोंडावर आली होती, कंत्राट तातडीने द्यायला हवं होतं. सगळे सभासद कागद पुढे ओढू लागले. चष्मेवाल्यांनी उठण्यासाठी खुर्चीच्या हातांवर जोर दिला.

त्यांना उठावं लागलं नाही.

"थांबा," हॉटेलवाले म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. "बॉयलर नंतर. आधी मुलांचं. बाई, गेल्या महिन्यात किती मुलं पुढे सरकली आणि किती अडलीत, सांगा." मग सभासदांकडे न बघताच ते पुढे म्हणाले, "हा विषय मला अजूनही आवडत नाही. आकडे ऐकले की रात्रीचं जेवण गोड लागत नाही. पण शाळा सुटल्यावर माझ्या हॉटेलात भांडी घासायला येणारा मुलगा परवा मला मालाची पावती वाचून दाखवत होता. वर्षापूर्वी तो 'चष्मा घरी राहिलाय' म्हणायचा. तेव्हा आधी हेच."

मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. त्या पूर्ण बोलून होईपर्यंत त्यांना कुणी अडवलं नाही.

वाचकहो, आपल्याही गावात शाळा आहे, आणि तिचा कारभार पाहणारी माणसं आहेत. ती बहुतेक भलीच असतील. इमारत उभी राहिली, रंग लागला, टक्के वाढले की आपण टाळ्या वाजवतो, आणि टाळ्या ज्याला मिळतात तेच ती माणसं पुन्हा करतात. म्हणून दोष त्यांच्या एकट्याचा नसतो. एकदा त्या सभेला जाऊन बसा. खुर्ची टोचेल, चहा मिळेलच असं नाही. सगळं शांतपणे ऐका, आणि मुलांचं कुणी बोलत नसेल, तर उभं राहून एवढंच विचारा, आमची मुलं काय शिकली? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. शाळा आपल्याला तेच देते, जे आपण तिच्याकडे मागतो.